उघड्या दाराचे धर्मगुरू : रेव्हरंड डिक शेपर्ड

६ जानेवारी १९२४ हा रविवार होता आणि तीन राजांचा सणही त्याच दिवशी आला होता. त्या सायंकाळी लंडनच्या ट्रॅफल्गार चौकालगतच्या सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स ह्या अँग्लिकन चर्चमध्ये उपासना सुरू झाली, तेव्हा बाकांवर बसलेल्या भाविकांपेक्षा कितीतरी अधिक माणसे ती उपासना आपापल्या घरी बसून ऐकत होती. चर्चमध्ये बसविलेल्या मायक्रोफोनने टिपलेला आवाज तारेवरून जवळच्याच सॅव्हॉय हिल येथील स्टुडिओत जात होता आणि तेथून रेडिओच्या लहरींवर स्वार होऊन घराघरांत पोहोचत होता. बीबीसीने एखाद्या चर्चमधून प्रक्षेपित केलेली ही पहिली उपासना. तिचे यजमान होते त्या धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू, म्हणजेच व्हिकर, रेव्हरंड ह्यू रिचर्ड लॉरी शेपर्ड. साऱ्या इंग्लंडला ते ‘डिक’ ह्या घरगुती नावानेच ठाऊक होते.

जानेवारी महिन्यात १८ ते २५ तारखांदरम्यान आपण ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थना सप्ताह पाळतो. अशा वेळी आपल्या ख्रिस्तसभेबाहेरच्या एका धर्मगुरूचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे असे आम्हाला वाटले. ह्या चरित्राशी आपला संबंध काय, असा प्रश्न कोणाच्या मनात आल्यास त्याने २०२० सालची टाळेबंदी आठवावी. चर्चची दारे बंद होती आणि आपण मोबाइलच्या पडद्यासमोर हात जोडून मिस्साबलिदान पाहत होतो. हे खरे उपासनेला जाणे आहे काय, हा प्रश्न तेव्हा घरोघर विचारला गेला. तोच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी शेपर्ड ह्यांच्यापुढे उभा राहिला होता.

डिक शेपर्ड ह्यांचा जन्म २ सप्टेंबर १८८० रोजी विंडसर येथे झाला. वडील एडगर शेपर्ड हे तेथील राजवाड्याच्या सेंट जॉर्जेस चॅपलमध्ये धर्मगुरू होते. राजघराण्याच्या सावलीत बालपण गेले खरे. पण मार्लबरो येथील शाळेत हा मुलगा सुखी नव्हता. पुढे दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटले, तेव्हा इतर तरुणांप्रमाणे तेही सैन्यात दाखल व्हावयास निघाले. स्टेशनकडे जाताना वाटेतच घोडागाडीला अपघात झाला, पायाला जबर इजा झाली आणि रणांगण गाठण्याआधीच त्यांचा सैनिकी पेशा संपला. तो पाय जन्मभर अधू राहिला. युद्धाच्या विरोधात पुढे अवघा देश हालवून सोडणारा हा माणूस एके काळी स्वतःच्या उत्साहाने युद्धाला निघाला होता, हे आम्हाला मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

केंब्रिजच्या ट्रिनिटी हॉलमध्ये शिक्षण झाल्यावर ते पूर्व लंडनच्या बेथनल ग्रीन भागात आले. तेथील ऑक्सफर्ड हाउस ही संस्था म्हणजे सुखवस्तू घरांतील सुशिक्षित तरुणांनी गरिबांच्या वस्तीत राहून सेवा करण्याचे ठिकाण. विंडसरच्या मुलाने येथे दारिद्र्य प्रथमच इतक्या जवळून पाहिले. तेव्हाचे स्टेपनीचे बिशप आणि पुढे कँटरबरीचे आर्चबिशप झालेले कॉस्मो लँग ह्यांचे सचिव म्हणूनही त्यांनी काम केले. त्यानंतर कडस्डन येथे धर्मशिक्षण घेऊन १९०७ साली त्यांना दीक्षा मिळाली. ऑक्सफर्ड हाउसच्या प्रमुखपदाची जबाबदारी लगेचच आली आणि तिच्या भाराखाली त्यांची प्रकृती प्रथम कोसळली. पुढल्या आयुष्यात हा क्रम पुन्हा पुन्हा घडणार होता : स्वतःला झोकून देऊन काम करायचे, आजारी पडायचे, थोडे सावरले की पुन्हा त्याच वेगाने धावायचे. अस्थम्याने त्यांचा पिच्छा अखेरपर्यंत सोडला नाही.

१९१४ च्या उन्हाळ्यात महायुद्ध सुरू झाले. शेपर्ड काही काळ फ्रान्समधील एका लष्करी रुग्णालयात चॅप्लिन म्हणून गेले. मरणासन्न तरुणांच्या खाटांशेजारी गुडघे टेकून बसणे, त्यांचा अखेरचा निरोप घरी लिहून कळविणे, हेच तेथील काम. थकून आणि आतून हादरून ते परतले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सेंट मार्टिनचे व्हिकर झाले.

ह्या चर्चविषयी थोडे सांगितले पाहिजे. जेम्स गिब्स ह्या वास्तुशिल्पकाराने बांधलेली आणि १७२६ साली पूर्ण झालेली ही वास्तू शहराच्या अगदी मध्यभागी आहे. समोर ट्रॅफल्गार चौक, शेजारी नॅशनल गॅलरी, हाकेच्या अंतरावर चेरिंग क्रॉस स्टेशन. चर्चचे आश्रयदाते संत मार्टिन आपणा सर्वांना परिचित आहेत : कडाक्याच्या थंडीत आपला झगा तलवारीने कापून अर्धा भिकाऱ्याला देणारे आणि पुढे ख्रिस्तासाठी तलवारच खाली ठेवणारे रोमन सैनिक. ह्या संतांच्या आयुष्यातील दोन्ही गोष्टी शेपर्ड ह्यांनी आपल्या परीने करून दाखविल्या, पहिली लगेच आणि दुसरी पुष्कळ उशिरा.

ते आले तेव्हा एवढ्या मोठ्या चर्चमध्ये उपासनेला मोजकीच माणसे येत. बाहेरच्या चौकात मात्र माणसांचा पूर. चेरिंग क्रॉसहून सैनिकांच्या गाड्या फ्रान्सकडे सुटत आणि जखमींच्या गाड्या परत येत. रात्रीअपरात्री उतरलेल्या सैनिकाला कोठे जावे ते कळत नसे. शेपर्ड ह्यांनी चर्चची दारे दिवसाप्रमाणे रात्रीही उघडी ठेवली. चर्चखालचे तळघर सैनिकांच्या आणि बेघरांच्या विश्रांतीसाठी मोकळे केले. चर्च म्हणजे रविवारी उघडणारी आणि एरवी कुलूपबंद राहणारी इमारत नव्हे, ही त्यांची धारणा होती. मंदिराच्या पावित्र्याचे काय, असे विचारणारे भेटलेच. गव्हाणीत जन्मलेल्या प्रभूच्या घरात थकलेला माणूस झोपल्याने ते घर बाटते, असे मात्र त्यांना कधी वाटले नाही. थोड्याच वर्षांत ते रिकामे चर्च लंडनमधील सर्वांत गजबजलेल्या चर्चांपैकी एक बनले.

१९१५ साली त्यांचा ॲलिसन कार्व्हर ह्यांच्याशी विवाह झाला आणि त्यांना दोन मुली झाल्या. १९१७ पासून विल्यम टेंपल ह्यांच्याबरोबर त्यांनी अँग्लिकन ख्रिस्तसभेला आपला कारभार अधिक मोकळेपणाने चालविता यावा म्हणून चळवळ केली. मात्र घटना, ठराव आणि समित्या हा त्यांचा पिंड नव्हता. माणूस समोर बसला की त्यांची प्रतिभा फुले.

आता रेडिओकडे वळू. बीबीसी १९२२ च्या अखेरीस सुरू झाली. तिचे तरुण व्यवस्थापक जॉन रीथ हे स्कॉटिश धर्मगुरूचे पुत्र. रेडिओने केवळ करमणूक करू नये, रविवारचे पावित्र्यही राखावे, असा त्यांचा आग्रह होता. त्या वर्षीच्या नाताळच्या पूर्वसंध्येला व्हाइटचॅपलचे रेक्टर जॉन मेयो ह्यांनी रेडिओवरून प्रवचन केले, पण ते स्टुडिओतून. अमेरिकेत पिट्सबर्गच्या एका एपिस्कोपल चर्चमधील उपासना १९२१ सालीच प्रक्षेपित झाली होती. इंग्लंडमधील वरिष्ठ धर्माधिकारी मात्र बिचकत होते. १९२३ साली रीथ ह्यांनी आर्चबिशप रँडल डेव्हिडसन ह्यांना सपत्नीक जेवावयास बोलावून रेडिओ ऐकविला. तेव्हा आवाज आत येण्यासाठी खिडकी उघडी ठेवावी लागते काय, अशी पृच्छा आर्चबिशपांच्या पत्नीने केल्याचे सांगतात. आज आपल्याला हसू येईल. पण पहिल्यांदा मोबाइल हाती आला तेव्हा आपल्या आजीआजोबांनी काय काय विचारले होते, ते आठवून हसू आवरावे हे बरे. त्याच वर्षी राजपुत्र ड्यूक ऑफ यॉर्क ह्यांच्या विवाहाचे प्रक्षेपण करू देण्यास वेस्टमिन्स्टर ॲबीने नकार दिला. लोक दारूच्या गुत्त्यात, डोक्यावर टोप्या ठेवून तो पवित्र विधी ऐकतील अशी भीती होती.

शेपर्ड ह्यांना नेमकी तीच माणसे हवी होती. गुत्त्यात बसणारा, टोपी न काढणारा, लहानपणी बाप्तिस्मा झाल्यानंतर चर्चची पायरी न चढलेला, देवाशी भांडण झालेला माणूस. तो चर्चमध्ये येत नसेल तर चर्चने त्याच्याकडे जावे, एवढे साधे त्यांचे गणित होते. म्हणून इतर जेथे कचरले तेथे त्यांनी रीथ ह्यांना होकार दिला.

त्या काळचा श्रोता डोळ्यांपुढे आणला पाहिजे. बहुतेकांकडे लहानसा क्रिस्टल सेट असे. त्याला वीज लागत नसे, पण कानाला हेडफोन लावून स्तब्ध बसावे लागे. घरात हेडफोन एकच असेल तर कुटुंबाने तो आळीपाळीने लावायचा. १९२४ च्या अखेरीस ब्रिटनमधील रेडिओ परवान्यांची संख्या दहा लाखांवर गेली होती. हेडफोनमधून येणारा आवाज गर्दीला उद्देशून केलेल्या भाषणासारखा ऐकू येत नाही, तो थेट कानाशी बोलतो. हे मर्म शेपर्ड ह्यांना सहज उमगले. प्रवचनपीठावरचा घुमवलेला सूर त्यांनी सोडून दिला. ते थोडक्यात, साध्या शब्दांत, समोरच्या खुर्चीतल्या मित्राशी बोलावे तसे बोलत. पंथांपंथांतील वादाचे मुद्दे टाळून परमेश्वराचे प्रेम, क्षमा आणि शेजाऱ्याची काळजी ह्यांविषयी बोलत. सेंट मार्टिनची उपासना दर महिन्याला प्रक्षेपित होऊ लागली आणि पत्रांचा ओघ सुरू झाला. अंथरुणाला खिळलेले रुग्ण, दीपगृहांचे रखवालदार, दूरच्या शेतांवरची एकाकी कुटुंबे, तुरुंगातून सुटलेले लोक, अशा किती तरी श्रोत्यांसाठी ती उपासना हेच चर्च झाले. शेपर्ड पत्रांना उत्तरे लिहीत बसत. त्यापायी झोपेला मुकत.

विरोधही झाला आणि तो सगळाच क्षुल्लक नव्हता. घरबसल्या उपासना मिळू लागली तर बाके ओस पडतील, ही धर्मगुरूंची चिंता खरी होती. आम्हा कॅथोलिकांना तर ती अधिक बोचते. प्रवचन लहरींवरून येऊ शकते, स्तोत्रगायन येऊ शकते. ख्रिस्तशरीर येऊ शकत नाही. ते कोणीतरी हातांत घेऊन दारापर्यंत यावे लागते. आपले धर्मगुरू आणि ख्रिस्तशरीर नेणारे प्रापंचिक सेवक आजही आजाऱ्यांच्या घरी जातात ते ह्याचसाठी. शेपर्ड ह्यांच्या रेडिओ उपासनेत पंथभेद जसे बाजूला राहिले तशी साक्रामेंतांची खोलीही काहीशी मागे राहिली, असे आमचे नम्र मत आहे. परंतु त्यांनी वेदीला पर्याय उभा करण्याचा दावा केला नव्हता. वेदीपर्यंत येण्याची वाट विसरलेल्यांना त्यांनी हाक मारली, आणि ती हाक ऐकून पुष्कळजण खरोखरच सेंट मार्टिनच्या पायऱ्या चढले.

आपल्या ख्रिस्तसभेनेही ह्या माध्यमाकडे पाठ फिरविली नाही. १२ फेब्रुवारी १९३१ रोजी पोप अकरावे पायस ह्यांनी मार्कोनी ह्यांनी उभारलेल्या व्हॅटिकन रेडिओचे उद्घाटन केले. जाता जाता एक गंमत. १९१७ साली अँग्लिकन धर्मगुरुपद सोडून कॅथोलिक झालेले फादर रोनाल्ड नॉक्स ह्यांनी जानेवारी १९२६ मध्ये बीबीसीवर लंडनमध्ये दंगल उसळल्याच्या खोट्या बातम्यांचा विनोदी कार्यक्रम सादर केला. त्यात चवताळलेला जमाव ट्रॅफल्गार चौकात, म्हणजे शेपर्ड ह्यांच्या दारातच, दाखविला होता. अनेक श्रोत्यांनी तो खरा मानला आणि एकच घबराट उडाली. लोक ह्या नव्या आवाजावर किती विश्वास ठेवीत, ते ह्यावरून दिसते.

आदल्या वर्षी, १९२५ मध्ये, शेपर्ड ह्यांनी वेगळाच संघर्ष केला होता. ११ नोव्हेंबर हा संत मार्टिन ह्यांचा सण आणि महायुद्ध थांबल्याचाही दिवस. त्या रात्री अल्बर्ट हॉलमध्ये नाचगाण्याची मेजवानी ठरली होती. लाखो घरांत ज्यांची खुर्ची रिकामी आहे त्यांच्या स्मृतिदिनी नाच कसला, असा सवाल त्यांनी वर्तमानपत्रातून केला. नाच पुढे ढकलला गेला आणि त्याच सभागृहात शेपर्ड ह्यांनी स्मरणाची प्रार्थनासभा घेतली.

१९२६ साली प्रकृतीने हात टेकले आणि त्यांनी सेंट मार्टिन सोडले. पुढल्याच वर्षी ‘द इम्पेशन्स ऑफ ए पार्सन’ हे त्यांचे पुस्तक निघाले. ख्रिस्तसभेचे वैभव, मानमरातब आणि आपसांतील भिंती ह्यांवर त्यात कठोर टीका आहे. तरीही १९२९ मध्ये त्यांची नेमणूक कँटरबरी कॅथिड्रलच्या डीनपदी झाली. अस्थम्याने तेथेही टिकू दिले नाही. १९३१ साली राजीनामा द्यावा लागला.

ह्या काळात त्यांच्या मनात एक गोष्ट पक्की झाली होती : ख्रिस्ताच्या अनुयायाला कोणत्याही युद्धात भाग घेता येत नाही. १९३२ च्या आरंभी जपानने चीनवर आक्रमण केले असता शेपर्ड, मॉड रॉयडन आणि हर्बर्ट ग्रे ह्यांनी एक अचाट योजना मांडली. निःशस्त्र स्त्रीपुरुषांची शांतिसेना दोन्ही सैन्यांच्या मधोमध जाऊन उभी राहील. शेकडो लोकांनी नावे नोंदविली. प्रत्यक्षात ती सेना कधीच निघाली नाही. १६ ऑक्टोबर १९३४ रोजी त्यांचे एक पत्र वर्तमानपत्रांत झळकले. युद्धाचा त्याग करण्याची शपथ घ्यावयास तयार असलेल्या पुरुषांनी एक पोस्टकार्ड पाठवावे, एवढीच मागणी होती. पोस्टकार्डांचा ढीग पडला. जुलै १९३५ मध्ये अल्बर्ट हॉलमध्ये हजारोंची सभा भरली आणि १९३६ साली ‘पीस प्लेज युनियन’ स्थापन झाली. लवकरच तिच्यात स्त्रियाही आल्या आणि सदस्यसंख्या एक लाखाच्या पुढे गेली. आल्डस हक्सले, जॉर्ज लान्सबरी, व्हेरा ब्रिटन अशी माणसे तिच्यात होती. गांधीजींच्या सहवासात भारतात राहून गेलेले अमेरिकन लेखक रिचर्ड ग्रेग ह्यांच्या अहिंसाविषयक लेखनाचा तिच्यावर मोठा प्रभाव होता. साबरमतीच्या आश्रमातील विचार असा ग्रेग ह्यांच्यामार्फत लंडनच्या सभांतून बोलला जात होता.

ह्या बाबतीत आम्ही शेपर्ड ह्यांच्याशी पूर्णपणे सहमत होऊ शकत नाही. निरपराधांवर चालून येणाऱ्या आक्रमकाला अखेरचा उपाय म्हणून शस्त्राने रोखणे न्याय्य ठरू शकते, असे आपली ख्रिस्तसभा शिकवते. जर्मनीत तेव्हा काय शिजत होते, हे आज आपल्याला पुरते ठाऊक आहे. परंतु हे लिहिताना दुसरीही बाजू समोर येते. १९१७ साली पोप पंधरावे बेनेडिक्ट ह्यांनी युद्ध थांबविण्याची कळकळीची विनंती केली, तेव्हा दोन्ही बाजूंच्या ख्रिस्ती राष्ट्रांनी ती धुडकावली होती. फ्रान्सच्या रुग्णालयात ज्याने मुलांचे प्राण जाताना पाहिले, त्याला न्याय्य युद्धाची व्याख्या पुरेशी वाटली नाही, ह्याचे आम्हाला आश्चर्य वाटत नाही.

१९३४ पासून ते सेंट पॉल्स कॅथिड्रलचे कॅनन होते. बाहेर टाळ्या, गर्दी, पत्रे. घरात मात्र काळोख दाटत होता. सतत दुसऱ्यांच्या हाकेला धावणाऱ्या ह्या माणसाच्या संसाराला वर्षानुवर्षे ताण बसत गेला आणि १९३७ साली त्यांच्या पत्नी त्यांना सोडून गेल्या. लाखो एकाकी माणसांच्या कानाशी बोलणारा माणूस स्वतः एकाकी झाला. दोष कोणाचा, हे ठरविण्याचा अधिकार आपल्याला नाही. ज्या दाराला कधीच कडी लावली जात नाही त्या दाराआडच्या कुटुंबाच्या वाट्याला काय उरते, हा प्रश्न मात्र सेवाकार्यात गढलेल्या आपल्यापैकी अनेकांनाही अस्वस्थ करील.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ग्लासगो विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी रेक्टरपदासाठी मतदान केले. हरलेल्या उमेदवारांत विन्स्टन चर्चिल होते. निवडून आले डिक शेपर्ड. हा आनंद आठवडाभरच टिकला. रविवारी, ३१ ऑक्टोबर १९३७ रोजी, सेंट पॉल्सजवळच्या आमेन कोर्ट येथील राहत्या घरी, लिहिण्याच्या टेबलाशी ते मृतावस्थेत आढळले. वय ५७. शवपेटी सेंट मार्टिनमध्ये ठेवण्यात आली आणि अखेरच्या दर्शनासाठी सुमारे एक लाख माणसे तिच्यासमोरून गेली. सेंट पॉल्समध्ये अंत्यविधी झाला. ज्या कँटरबरीत अस्थम्याने त्यांना राहू दिले नव्हते, तेथील कॅथिड्रलच्या आवारात त्यांचा देह विसावला.

दोन वर्षांनी दुसरे महायुद्ध सुरू झाले. लंडनवर बॉम्ब पडू लागले, तेव्हा सेंट मार्टिनच्या तळघरात लोकांनी आसरा घेतला. बेघरांसाठी तेथे सुरू झालेले काम आजही चालू आहे. त्यासाठी १९२० च्या दशकात बीबीसीवरून नाताळनिमित्त मदतीचे आवाहन करण्याची प्रथा पडली. दर डिसेंबरमध्ये सेंट मार्टिनच्या व्हिकरांचे ते आवाहन अजून रेडिओवर ऐकू येते.